स्टुडिओ मॉनिटरमधून सूऽऽ आवाज येतो? स्पीकर बदलण्याआधी हे तपासून पाहा

नवीन ॲक्टिव्ह मॉनिटर (आतच अँप असलेले स्टुडिओचे स्पीकर) घेतले, टेबलावर मांडले, चालू केले, गाणं अजून लावलंच नाही आणि ट्विटरजवळ, म्हणजे वरच्या छोट्या स्पीकरजवळ, कान नेला तर बारीक सूऽऽऽ असा आवाज येऊन राहिला. मग लगेच फोन येतो, "भाऊ, याले फॉल्ट आहे का हो? वापस करू का?" आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा-मोझरीच्या पट्ट्यात गावोगावी भजन मंडळं आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं घरच्या एका खोलीत रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणारी पोरं आहेत, कोणी लग्नाच्या व्हिडिओचं साउंड करतो, कोणी प्रचाराच्या गाडीसाठी आवाज भरून देतो, आणि या सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. म्हणून नीट, सविस्तर लिहून राहिलो. घाईत स्पीकर विकू नका, दुसरे महाग घेऊ नका, आधी हे सगळं करून पाहा.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये थोडी हिस, म्हणजे हा सूऽऽ, असतेच. साधा होम थिएटरचा किंवा डीजेचा स्पीकर असतो त्यात अँप बाहेर असतो आणि आतल्या क्रॉसओव्हरमध्ये (बारीक आणि जाड आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) ट्विटरच्या लाईनला रेझिस्टर असतो, त्यामुळे ट्विटरपर्यंत जाता जाता अँपचा आवाजही दबतो. ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये ट्विटरला स्वतःचा वेगळा अँप असतो आणि तो सरळ ट्विटरला जोडलेला असतो, मध्ये काही नाही. स्पीकर जागा आहे तोवर अँप पूर्ण गेनवर, म्हणजे आवाज वाढवायच्या पूर्ण ताकदीवर, असतो, तुम्ही गाणं लावा की नका लावू. आणि हिस मुळात येते कुठून, तर प्रत्येक रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलत असतात, त्यातून अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं. १९२८ मध्ये बेल लॅब्जच्या जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी हे मोजून आणि गणित मांडून दाखवलं. १० किलोओहमचा साधा रेझिस्टर घेतला तर ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंत, खोलीच्या तापमानाला साधारण १.८ मायक्रोव्होल्ट एवढा नॉइज तो एकटाच देतो. आता असे कितीतरी रेझिस्टर, आयसी, वरून डीएसपीवाला (आत डिजिटल प्रोसेसर असलेला) स्पीकर असला तर त्याचे कन्व्हर्टर, आणि हे सगळं पुढे अँप वीस-तीस पट वाढवून ट्विटरला देतो. त्यामुळे हिस शून्य असलेला ॲक्टिव्ह स्पीकर जगात नाही, कमी हिसवाले आणि जास्त हिसवाले एवढाच फरक आहे, आणि स्वस्त मॉडेलमध्ये ती जरा जास्तच असते.

मग किती चालते? ट्विटरला कान चिकटवून ठरवू नका. जिथे बसून मिक्स करता तिथे बसा, म्हणजे दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं असा सारख्या बाजूंचा त्रिकोण, बाजू एक मीटरच्या आसपास. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) पडतो, म्हणजे १० सेंटीमीटरवर जी हिस ऐकली ती १ मीटरवर जवळपास २० डीबीने कमी होते. खुर्चीवर बसल्यावर, गाणं अगदी हळू लावलं तरी हिस त्याच्यात हरवून जात असेल तर तो स्पीकर ठीक आहे. स्पेसिफिकेशन वाचतानाही हे बघा, सेल्फ नॉइज (स्पीकरचा स्वतःचा आवाज) कोणी १ मीटरवर मोजून देतं, कोणी १० सेंटीमीटरवर, दोन आकडे तसेच शेजारी ठेवून तुलना करू नका.

गावात एक वेगळीच गोष्ट होते. शहरात ट्रॅफिकचा आवाज सतत असतो म्हणून तिथे कोणाला ही हिस जाणवत नाही. आपल्याकडे रात्री अकरानंतर कुत्रं भुंकलं तरच, नाहीतर सगळं चिडीचूप, आणि एप्रिल-मे मध्ये कूलर चालू असतो तोवर काहीच नाही, रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद केला की लगेच सूऽऽ ऐकू येतं. स्पीकर रात्रीतून बिघडलेला नसतो, खोली शांत झालेली असते.

आणि अजून एक, हे फार जणांच्या डोक्यात असतं, की स्पीकरची हिस रेकॉर्डिंगमध्ये उतरते. नाही उतरत. ती रेकॉर्डिंगच्या नंतरची गोष्ट आहे. शंका असेल तर तीच फाईल हेडफोनवर ऐका, तिथे स्वच्छ असेल तर गाणं स्वच्छ आहे, भजनवाल्यांना पाठवून द्या बिनधास्त. (माइक चालू असताना मॉनिटर मोठ्याने वाजत असतील तर गोष्ट वेगळी, पण गाणं भरताना हेडफोनच लावायचे असतात.)

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे आवाज नीट ऐकणं, कारण प्रत्येक आवाजाचं औषध वेगळं आहे. एकसारखा सूऽऽ, कमी-जास्त न होणारा, फक्त ट्विटरमधून, ती हिस. खालच्या मोठ्या स्पीकरमधून जाड घूंऽऽ येत असेल तर तो हम, म्हणजे लाईटच्या लाईनचा ५० किंवा १०० हर्ट्झ, त्याचा संबंध बहुतेक वेळा अर्थिंग किंवा ग्राउंड लूपशी (अर्थच्या वायरींचं वेटोळं, पुढे सांगतो). झर्रर्र असा कर्कश आवाज असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर यांच्यावर संशय घ्या. माउस हलवला किंवा स्क्रीन वर-खाली केली की चिर्र चिर्र बदलत असेल तर लॅपटॉप आणि यूएसबी. नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर नॉबमध्ये धूळ, जी आपल्याकडे कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसात कुठेही घुसते, काँटॅक्ट क्लीनरने जाते. आणि टर-टिक-टर-टिक आवाज आला की जुना टू जी फोन जवळ ठेवलाय समजा, तो २१७ हर्ट्झच्या ठोक्याने सिग्नल सोडतो, फोन दोन-तीन फूट लांब ठेवला की संपलं.

पुढची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची, बाकी काही नाही केलं तरी ही करा. स्पीकर बंद करा, मागची सिग्नलची केबल स्पीकरच्या टोकाकडून काढा, फक्त लाईटची वायर ठेवा. मागचा व्हॉल्यूम नॉब पूर्ण कमी करून स्पीकर चालू करा आणि ऐका. मग नॉब हळूहळू पूर्ण वाढवा आणि परत ऐका.

नॉब शून्यावर असताना जी हिस येते ती अँपची स्वतःची. तिचं तुम्ही बाहेरून काही करू शकत नाही, ना महाग केबलने, ना फिल्टर लावून, दुकानदार काहीही सांगो. नॉब वाढवल्यावर जी वाढते ती इनपुटच्या बाजूची, म्हणजे स्पीकरचाच प्रीअँप (आत येणारा सिग्नल आधी वाढवणारा छोटा अँप), आणि तिचं औषध आहे, खाली सांगतो. आता केबल परत लावा, इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडायची डबी) चालू करा, त्याचा आउटपुट नॉब शून्यावर ठेवा. आवाज इथे एकदम वाढला तर दोष केबलचा, इंटरफेसचा, किंवा लाईटच्या लाईनचा, स्पीकरचा नाही. मग लॅपटॉपचं चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जर काढल्याबरोबर आवाज गेला तर चोर सापडला. असं एकेक जोडत जायचं, सगळं एकदम जोडून डोकं धरून बसायचं नाही.

आता गेनबद्दल, कारण माझ्या मते अर्धी भानगड इथेच असते. पोरं काय करतात, मॉनिटरचा मागचा नॉब पूर्ण फुल्ल ठेवतात आणि इंटरफेसचा आउटपुट नॉब आठ-नऊ वाजण्याच्या जागेवर, म्हणजे अगदी थोडासा. पायलीभर गव्हात चार खडे असले तर दिसतही नाहीत, पण ओंजळभर गव्हात तेच चार खडे असले तर प्रत्येक घासाला दाताखाली येतात. सिग्नल बारीक पाठवला आणि स्पीकरने तो वाढवला की सोबत नॉइजही तेवढाच वाढतो. म्हणून उलटं करायचं. इंटरफेसचा आउटपुट दोन-तीन वाजण्याच्या जागेपर्यंत न्या, मॉनिटरचा नॉब पूर्ण कमी करा, मग सॉफ्टवेअरमध्ये मायनस २० डीबीवर पिंक नॉइज (लेव्हल जुळवायला वापरतात तो एकसारखा आवाज) लावा किंवा ओळखीचं गाणं लावा, आणि मॉनिटरचा नॉब हळूहळू वाढवत आणा जोवर खुर्चीवर बसून आवाज बरोबर वाटत नाही. छोट्या खोलीत ७५ डीबीच्या आसपास पुरे, फोनवरचं मोफत एसपीएल मीटर (आवाज मोजायचं ॲप) अंदाजासाठी चालतं. डावा-उजवा दोन्ही एकेक करून सारखे जुळवा. बस, मग मागचे नॉब विसरून जा, रोजचा व्हॉल्यूम इंटरफेसवरूनच.

मागे काही मॉडेलला सेन्सिटिव्हिटीचं स्विच असतं, प्लस ४ डीबीयू आणि मायनस १० डीबीव्ही असं, जेबीएलच्या ३०५पी मार्क टू ला आहे तसं. प्लस ४ म्हणजे १.२३ व्होल्टची प्रोफेशनल पातळी, मायनस १० म्हणजे ०.३२ व्होल्टची घरगुती पातळी, दोघांत जवळपास १२ डीबीचा फरक. चांगला इंटरफेस बॅलन्स्ड आउटपुट देतो (बॅलन्स्ड म्हणजे काय ते केबलमध्ये सांगतो), त्याच्यासोबत स्विच प्लस ४ वरच पाहिजे. मायनस १० वर राहिलं असेल तर हिस उगाच वाढलेली असते आणि ते स्विच कोणी पाहतही नाही कारण स्पीकर भिंतीला चिकटलेला असतो. हाय ट्रिमचं (वरचे सूर कमी-जास्त करायचं) स्विच मात्र हिस लपवायला वापरू नका. त्यानी अँपची हिस जात नाही, उलट तुम्हाला ऐकू येणारा वरचा सूर कमी होतो, मग तुम्ही मिक्समध्ये तो वाढवता, आणि गाडीत वाजवलं की खंजिरीच्या घुंगरांचा नुसता कचकचाट.

माइकच्या चॅनलबद्दलही सांगून ठेवतो. बऱ्याच वेळा मॉनिटरमधून येणारी हिस ही माइकची असते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज सरळ स्पीकरला देणारं) बटण चालू राहिलेलं, गेन फुल्ल, कंडेन्सर माइकसाठीचे ४८ व्होल्ट चालू, माइक कोपऱ्यात तसाच उभा, आणि आपण स्पीकरला शिव्या घालतो. इनपुटचे गेन शून्य करा, डायरेक्ट मॉनिटर बंद करा, मग ऐका. डायनॅमिक माइकला ५५-६० डीबी गेन लागतो, त्यात नॉइज येणारच, म्हणून गाणाऱ्याला माइकच्या जवळ घ्या, वीतभर अंतरावर, गेन आपोआप कमी लागतो. सॉफ्टवेअरमधले जुन्या टेपसारखे किंवा गिटार अँपचे प्लगिनही मुद्दाम नॉइज टाकतात, तेही बंद करून पाहा.

केबल. लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून ३.५ एमएमची वायर काढून दोन मॉनिटरला जोडलेली असेल तर हिस आणि चिर्रचिर्र दोन्ही येणार, त्याला इलाज इंटरफेस. छोटा का असेना पण बॅलन्स्ड आउटपुटवाला घ्या, फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या मागे टीआरएस आउटपुट आहेत, त्याच्यासारखा कोणताही चालतो. आणि मग केबलही टीआरएस घ्या, ज्याच्या पिनवर दोन काळ्या रिंगा असतात, किंवा टीआरएस टू एक्सएलआर (एका टोकाला तीन पिनचं गोल कनेक्टर). एकच रिंगवाली गिटारची केबल लावली तर बॅलन्स्डचा सगळा फायदा गेला. बॅलन्स्डमध्ये एकच सिग्नल दोन तारांतून सुलटा-उलटा जातो आणि स्पीकर दोघांतला फरक घेतो, त्यामुळे रस्त्यात घुसलेला नॉइज दोन्हींत सारखा असल्याने कटून जातो. पण लक्षात ठेवा, यानी बाहेरून घुसलेला आवाज जातो, अँपची स्वतःची हिस जात नाही. हातानी सोल्डर करत असाल तर एक्सएलआरची १ नंबर पिन शील्ड, २ प्लस, ३ मायनस. सिग्नलची केबल लाईटच्या वायरसोबत बांधून नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आता अर्थिंग. इथे हळू वाचा, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

हम आला की कोणीतरी सल्ला देतो, थ्री पिनची वरची जाड पिन तोडून टाक, आवाज जाते. आवाज जातो हे खरं आहे, कारण लूप तुटतो. पण स्पीकरच्या आत उद्या फेज बॉडीला लागला तर ती बॉडी २३० व्होल्टवर उभी राहील, आणि माइकला ओठ लावून गाणाऱ्या माणसाच्या हातात जर दुसऱ्या बाजूने अर्थ असेल तर करंट त्याच्यातून जाईल. दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लागून माणसं जातात, ते अर्थिंग नसल्यानेच, हे आपल्या भागात कोणाला वेगळं सांगायला नको. पिन तोडायची नाही, टू पिनचा कन्व्हर्टर लावायचा नाही, काहीही झालं तरी. आणि घराच्या बोर्डात ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर मॉनिटरच्या आधी तो बसवा.

मग करायचं काय, तर दोन्ही मॉनिटर, इंटरफेसचा ॲडॉप्टर, लॅपटॉपचं चार्जर, सगळं एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशनवर घ्या. हे सगळं मिळून फार लोड खात नाही, काळजी नको. दोन वेगळ्या भिंतींच्या दोन बोर्डांवर लावलं की दोन अर्थच्या वायरींमध्ये सिग्नलच्या केबलमधून लूप तयार होतो आणि घूं सुरू. कूलर, फ्रिज, मिक्सर त्या एक्स्टेंशनवर अजिबात नको.

बोर्डात अर्थ खरंच आहे का हेही पाहा. गावात कितीतरी घरी तिसरं छिद्र नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला लावा, स्वतः करायला जाऊ नका सवय नसेल तर. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट असेल तर छान. फेज-अर्थ शंभर-दीडशे किंवा काहीही भलतंच दाखवत असेल तर अर्थिंग नाही किंवा मेली आहे.

आपल्या काळ्या मातीत अर्थिंगचं वेगळंच आहे. पावसाळ्यात माती ओली, गच्च, अर्थिंग एकदम मस्त. मार्चनंतर हीच माती आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी होते आणि रेझिस्टन्स वाढतो. म्हणून दिवाळीत स्वच्छ असलेली खोली मे महिन्यात कधी कधी घूं करायला लागू शकते आणि माणूस स्पीकरवर संशय घेतो. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वरून पाणी घालायला फनेल, अशी साधी अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात नेमाने पाणी टाकत राहा. नवीन खड्डा करायचा तर नहाणीचं किंवा बोअरचं पाणी मुरतं तिकडे करा, भिंतीपासून दीड मीटर तरी सोडून. आणि स्टुडिओची वेगळी अर्थिंग काढली तर ती घराच्या अर्थिंगला जोडायचीच, दोन सुट्या ठेवल्या तर लूपही होतो आणि वीज पडली तर दोघांत मोठा फरक तयार होऊन सामान जळतं. वीज कडाडायला लागली की प्लगच काढून ठेवा सरळ.

लॅपटॉपचं चार्जर काढल्यावर आवाज जातो म्हणालो ना, त्याचं कारण बरेचदा टू पिनचं चार्जर. त्याच्यातल्या छोट्या कपॅसिटरमधून किंचित करंट गळतो, म्हणूनच लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण लागते. थ्री पिनचं ओरिजिनल चार्जर मिळत असेल तर ते घ्या, नाहीतर मिक्स करताना बॅटरीवर चालवा. यूएसबी आयसोलेटर म्हणून (लॅपटॉप आणि इंटरफेसमधला विजेचा संबंध तोडणारी) ऑनलाइन स्वस्त डबी मिळते, ती घेण्याआधी स्पीड वाचा, बहुतेक स्वस्तवाल्या १२ एमबीपीएसच्याच असतात आणि यूएसबी २ चे इंटरफेस ४८० वर चालतात, त्यावर इंटरफेस धड चालणारच नाही. त्यापेक्षा सिग्नलच्या लाईनमध्ये ट्रान्सफॉर्मरवालं ऑडिओ आयसोलेटर टाकलेलं बरं, फक्त अगदी स्वस्तातलं घेतलं तर बास पातळ होतो.

इन्व्हर्टर असेल तर स्क्वेअर वेव्हवाला स्टुडिओला नको, झर्र येणारच, प्युअर साइन वेव्ह पाहिजे. ओलिताच्या दिवसात कास्तकारांच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्या डीपीवर व्होल्टेज खाली-वर होतं, रिलेवालं स्टॅबिलायझर मग टक-टक करत बसतं आणि प्रत्येक टकला स्पीकरमध्ये पॉप. अशा वेळी साइन वेव्ह यूपीएस बरा. माझं म्हणाल तर महत्त्वाचं मिक्सिंग मी मोटारींच्या पाळीचं टायमिंग पाहूनच ठेवतो. आणि चालू-बंद करायचा क्रम पाळा, चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

शेवटी स्पीकरच खराब आहे का हे कसं ओळखायचं. एकाच बाजूला हिस जास्त असेल तर डाव्या-उजव्याच्या केबल आपसात बदला. हिस दुसऱ्या स्पीकरवर गेली तर दोष केबल किंवा इंटरफेसचा, तिथेच राहिली तर त्या स्पीकरचा. नॉब शून्य, केबल काढलेली, तरी एका स्पीकरची हिस जोडीदारापेक्षा स्पष्ट जास्त, किंवा गरम झाल्यावर वाढत जाते, मध्येच तडतड करते, तर आतला आयसी किंवा कपॅसिटर जाऊन राहिला समजा. दोन्ही सारखे असतील तर तो त्या मॉडेलचा स्वभाव आहे, दुरुस्तीत पैसे घालू नका. (काही मॉडेलमध्ये काही मिनिटं गाणं नसलं की हिस आपोआप बंद होते, तो ऑटो स्टँडबाय आहे, घाबरू नका.) यूट्यूब पाहून ट्विटरला रेझिस्टर टाकायला स्पीकर उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि वॉरंटीही जाते. वॉरंटीत असेल तर नॉब शून्यावर ठेवून दोन्ही स्पीकरचा आवाज एकाच अंतरावरून फोनवर रेकॉर्ड करा, एकापाठोपाठ एक, ते आणि बिल घेऊन अमरावती किंवा नागपूर, जिथे तुमचं सर्व्हिस सेंटर असेल तिथे जा, आणि जाताना दोन्ही स्पीकर न्या, एकच नेला तर तिथला माणूस तुलना कशाशी करणार.